थंड भाडं

ब्रेमेनला आल्यावर कळलं, इथे भाडं दोन प्रकारचं:
थंड आणि गरम.
थंड म्हणजे नुसत्या भिंती.
गरम म्हणजे पाणी, कचरा, जिन्यातला दिवा
आणि हिवाळा निघेल एवढी ऊब.
सही केली त्या कागदावर दोन्ही आकडे
एकाखाली एक निजले होते,
भांडण झालेल्या नवराबायकोसारखे.

तीन थंड महिने आधी अनामत म्हणून.
एक माझा.
एक कुताइसीच्या मावशीचा. शिवणयंत्र विकलं नाही,
फक्त गहाण ठेवलंय, हे ती प्रत्येक फोनवर सांगते.
आणि एक त्सेहायेचा,
जो एरिट्रियाहून माझ्याआधी चार वर्षं आला
आणि आता लोकांची पार्सलं जिने चढून पोचवतो.
परत कधी देणार, त्यानं विचारलं नाही.
त्याच्याही वेळी कुणीतरी विचारलं नव्हतं म्हणे.

खोलीच्या छतातून दोन वायरी लोंबत होत्या.
स्वयंपाकघर आधीची बाई
उचकटून घेऊन गेली होती, ओट्यासकट, नळासकट.
भिंतीवर तिच्या कपाटांचे पांढरे चौकोन.
तीन आठवडे मी त्यांच्यासमोर उभ्यानं पाव खाल्ला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
माझं अंथरूण अजून दुकानात होतं.

मग रेडिओच्या वर्गणीचं पत्र.
मी लिहिलं, माझ्याकडे रेडिओ नाही.
उत्तर आलं: नसला तरी.

शनिवारी नदीकाठी तरुण मुलं पीत बसतात.
ती उठली की मी जाते, सावकाश,
फिरायला आल्यासारखी.
दुकानातलं मशीन बाटली गिळतं,
थोडं थांबतं, ढेकर देतं: पंचवीस सेंट.
एकदा ड्यूटीचा डगला अंगावरच राहिला होता.
एका मुलीनं रिकामी बाटली हातात दिली
आणि "धन्यवाद, सिस्टर" म्हणाली.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

रात्री वृद्धाश्रमात रेडिएटर तापलेले असतात.
मी कुशी बदलून देते, चादरी बदलते,
आणि मधल्या वेळात पाठ टेकते लोखंडाला.
हार्येस आजोबा गोदीत क्रेन चालवायचे.
आठ महिन्यांपूर्वी दोन सुटकेसी घेऊन आले,
म्हणजे या पत्त्यावर माझ्यापेक्षा नवे.
रोज दोनच्या सुमारास विचारतात,
"या खोलीचे किती घेतात हो?"
मुलीनं मला आकडा सांगितलाय.
माझे दोन पगार, वर थोडे.
घर त्यासाठीच गेलं, हे त्यांना ठाऊक नाही.
"भरलेत," मी म्हणते.
"कुणी?"
"भरलेत, आजोबा. झोपा."

आई व्हिडिओवर विचारते, खोली ऊबदार आहे ना, केतेवान?
मी कॅमेरा रेडिएटरकडे वळवते.
पांढरा, स्वच्छ, सभ्य.
कॅमेऱ्याला गारठा दिसत नाही.
त्याची चकती शून्यावर आहे, तेही नाही.

जूनमध्ये घरमालकीणबाईंचं पाकीट आलं.
दंडच असणार म्हणून दोन दिवस फोडलं नाही.
तर आत हिशेब:
तुम्ही उष्णता फारच कमी वापरलीत.
दोनशे बारा युरो, चाळीस सेंट परत.

पुन्हा वाचलं.
डिसेंबरचे दोन-दोन मोजे,
कोट घालून काढलेल्या त्या सात रात्री,
आंघोळीआधी स्वतःशी केलेली घासाघीस,
सगळं कुणीतरी मोजलं होतं तर,
दशांश चिन्हासकट.

दोनशे त्सेहायेला दिले.
त्यानं न मोजता खिशात घातले
आणि जाताना जिन्यात मोजले, मी ऐकलं.

रात्री खिडकी उघडी होती, बाहेर अजून उजेड.
उरलेल्या बारा युरोंची ऊब
एकदा बघू तरी, म्हणून
चकती फिरवली: एक, दोन, तीन. पाच.
हात ठेवून बसले.

उन्हाळ्यात बॉयलर बंद असतो,
दुसऱ्या दिवशी त्सेहाये म्हणाला.
त्यालाही पहिल्या वर्षी असंच कळलं होतं.